आपली भाकरी, आपले आरोग्य

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला वक्ता बोलवायचा तर तो धम्मावर बोलेल, चळवळीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही मात्र आज जेवणाच्या ताटावर बोलणार आहोत. समितीच्या बांधवांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'रोजचे जेवण' असे सांगितले, तर एक-दोघे हसले. म्हणाले, "दादा, आता जेवायचं कसं हेही शिकवायचं का?" त्यांचे हसणे आम्हाला गैर वाटले नाही. पण बघा, आपल्या वस्तीत बीपीची किंवा शुगरची गोळी नाही असे घर आज शोधावे लागते. आणि त्याच घरात सुनेच्या अंगात रक्त कमी, नातवाचे वजन कमी. एकाच चुलीवरचे अन्न खाऊन म्हाताऱ्याला साखर आणि पोराला कुपोषण! असे का होते, याचा विचार विहारात नाही करायचा तर कुठे करायचा?

विहारात जेवणाचे बोलणे नवीन नाही. तथागत आळवी नगरीला गेले होते, ती कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिथे एक गरीब शेतकरी होता. त्याला उपदेश ऐकायचा होता, पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून, दिवसभर उपाशी फिरून तो सभेत पोहोचला. सारी सभा खोळंबली होती. भगवंतांनी त्याला पाहिले आणि उपदेश सुरू करण्याऐवजी आधी विचारले की काही अन्न शिल्लक आहे का. त्याला पोटभर जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला. काही भिक्खूंना याचे नवल वाटले. पण भुकेने व्याकूळ झालेला माणूस धम्म समजू शकत नाही, हे भगवंतांनी ओळखले होते. तेव्हा पोट हा धम्माबाहेरचा विषय नाही.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. आपल्या समाजाचे आणि भाकरीचे नाते इतरांसारखे नव्हते. गावकीची कामे करायची आणि त्या बदल्यात पाळीच्या येसकराने दारोदार भाकरी मागत फिरायचे. जे मिळेल ते, शिळे, उष्टे, बुरसटलेले, पदरात घ्यायचे. मेलेले ढोर ओढायचे आणि त्याचेच मांस खायचे. हे कोणी हौसेने करत नव्हते, उपाशी पोट आणि गावाची जबरदस्ती ते करायला लावत होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद झाली, ती आपण चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे कळकळीने सांगितले. पाण्याचा हक्क आणि अन्नाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकाच मांडवात बोलल्या गेल्या. पुढे १९५८ मध्ये कायद्याने महारवतन गेले. भाकरी मागणे त्याआधीच अनेक गावांनी सोडले होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी उपास काढले, पण ताठ मानेने सोडले. हा त्यांचा मोठेपणा आहे.

पण इथे एक चूक झाली, आणि ती आपली आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते उष्टे, शिळे आणि मेलेल्या जनावराचे मांस. त्यांनी ज्वारी सोडायला सांगितली नव्हती. अंबाडीची भाजी, उडदाची डाळ, बाजरीची भाकरी सोडायला सांगितली नव्हती. आपण लाज टाकायला निघालो आणि लाजेबरोबर भाकरीही टाकून आलो! भाकरी म्हणजे गरिबी, भाकरी म्हणजे गावकुसाबाहेरचे दिवस, असे मनात बसले. पोरगा शिकला, रेल्वेत लागला, मास्तर झाला, कचेरीत गेला. घरात पगार आला. मग सकाळी चहाबरोबर खारी, टोस्ट, पाव. दुपारी पांढरा भात. पाहुणे आले की मैद्याची पुरी आणि शेव. डब्यात भाकरी नेली तर पोराला शाळेत लाज वाटते. घरी कोणी आले तर भाकरीची टोपली मागच्या खोलीत सरकवतात. हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे, म्हणून बोलतो.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, लाल मिलो कसा खाल्ला, सुकडीसाठी पोरे कशी रांगेत उभी राहिली. त्या माणसांसाठी घरची पांढरीशुभ्र दादर म्हणजे चैन होती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी ती दादर, तिची पापुद्र्याची भाकरी आणि खुडा! ज्यासाठी ते तरसले, ते आपण एका पिढीत नकोसे करून टाकले. आणि गंमत बघा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आता मोठ्या शहरात ज्वारीची बिस्किटे, बाजरीचे लाडू चकचकीत पाकिटात मिळतात. जे आपल्या चुलीवर होते, तेच आपल्याला चढ्या भावात विकत घ्यायला सांगतात.

काही जण म्हणतील, ही सारी जुन्या काळाची हौस आहे. तर मग आपण आकडे पाहू. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत सुमारे ४. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. शंभर ग्रॅम ज्वारी-बाजरीत १० ते ११ ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो. तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. या चोथ्याचे काम काय? पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही आणि जेवणातली साखर रक्तात एकदम चढत नाही, सावकाश चढते. गव्हाच्या पोळीशी आमचे भांडण नाही. न चाळलेल्या पिठाची पोळीही चांगली. भांडण आहे ते मैद्याशी आणि पीठ चाळून कोंडा गुरांना घालण्याशी. धान्याचा जो भाग माणसाच्या सर्वांत उपयोगाचा, तो आपण गाईला घालतो आणि स्वतःसाठी डॉक्टरकडून पोट साफ करण्याचे औषध आणतो.

आता आपल्या खान्देशची एक भाकरी घ्या, कळण्याची. आपल्या आज्या साधारण चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद घालत, थोडे मीठ टाकून दळून आणत. त्यांनी पोषणशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण त्यांनी जे केले, ते शास्त्राला धरूनच आहे. आपल्या शरीराला प्रथिने लागतात. प्रथिने म्हणजे अंग बांधणारा भाग, घराला जशा विटा. या विटा अनेक प्रकारच्या असतात. ज्वारीत लायसिन नावाची वीट कमी, उडदात ती भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र दळले की भिंत पुरी होते. वरण-भात, खिचडी, वरण-बट्टी, फुनके आणि कढी, यांत हेच तत्त्व आहे. मटण रोज परवडत नाही म्हणून अंग भरणार नाही असे समजू नका. कळण्याची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि एक वाटी ताक, हे कोणत्याही डॉक्टरने मान डोलवावी असे जेवण आहे.

पण डाळ किती? इथे आपण कमी पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगितले आहे. म्हणजे चार माणसांच्या घरात दिवसभरात मिळून साधारण ३५० ग्रॅम. आणि आपण काय करतो? एक वाटी डाळ, पातेलेभर पाणी आणि पाच माणसे. त्या वरणात पळी फिरवली तर डाळ शोधावी लागते. जळगाव तर डाळीच्या गिरण्यांचे गाव, इथली डाळ देशभर जाते, आणि आपल्या वाटीत पाणी! महागाई आहे, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून सगळे डाळीवरच भागवा असे म्हणत नाही. मटकी, चवळी, हरभरे भिजवून मोड आणा. भाजक्या शेंगदाण्याचा कूट भाजीत घाला, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आहेत. अंडे खाणाऱ्यांनी अंडे खावे, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. सुकट, बोंबील ही गरिबाची मासळीही गुणाची आहे, फक्त मीठ धुऊन काढा.

माता-भगिनींनो, आता तुमच्याबद्दल बोलायचे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी राहिली होती. हे प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचे आकडे आहेत. याचे एक कारण आपल्याच स्वयंपाकघरात बसले आहे. घरातली माय सगळ्यांना वाढते आणि शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली, वरणाचा तळ उरलेला. मग ती काय करते? उरलेली भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाणी. "मला काय, मी खाते काहीपण," असे म्हणते. आमची आईही असेच म्हणायची. आम्ही तिचे मोठे मन समजत होतो. आज कळते की ती उपाशी होती आणि आम्ही पाहत नव्हतो.

बाबासाहेबांनी स्त्रीच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजायला सांगितली. ती मोजायला लांब जाऊ नका. रात्री नऊ वाजता आपल्या घरातल्या बाईच्या ताटात काय आहे ते बघा. उष्टे-शिळे खायचे नाही म्हणून आपण गावाशी भांडलो. आणि आपल्याच घरात आपली बाई रोज उरलेसुरले खाते, हे चालते का? सगळ्यांनी एकत्र बसायचे, भांडी मध्ये ठेवायची, ज्याने-त्याने वाढून घ्यायचे. याला एक पैसा लागत नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर आधी वाढायचे.

रक्त वाढवायचे तर दोन-तीन साध्या गोष्टी लक्षात ठेवा. बाजरी, डाळी, पालेभाज्या, मांसाहार करणाऱ्यांना कलेजी, यांतून लोह मिळते. भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला आंबटाची मदत लागते. म्हणून ताटात लिंबाची फोड, कच्चा टमाटा, आवळा, पेरू, यांपैकी काहीतरी असू द्या. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहा ते लोह पोटातच अडवून धरतो. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या घेतल्या की शौच काळी होते, म्हणून घाबरून सोडू नका. पोरांना जंताची गोळीही वेळेवर द्या, नाहीतर जंत रक्त खातात. आणखी एक महत्त्वाचे. प्रत्येक वेळी रक्त कमी म्हणजे लोह कमी असे नसते. आपल्या खान्देशात आणि विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांत तो जास्त आहे, पण बौद्ध समाजातही आहे. वारंवार कावीळ, हाडे-सांधे ठणकणे, रक्त न वाढणे असे असेल तर तपासणी करून घ्या. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची यासाठी मोहीमही सुरू झाली आहे. लग्न जमवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, चांगले केले. आता रक्त तपासून घ्यायला शिकू या.

पोरांकडे वळू. सकाळी पोराने हात पुढे केला की आपण पाच रुपये देतो, तो पाकीट घेऊन येतो. त्या पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते वाचतो का कोणी? आपण तर वाचायला शिकलेला समाज आहोत! नियम असा आहे की पाकिटातला जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव यादीत पहिले लिहायचे. आता बिस्किटाचे पाकीट घरी उलटून बघा. बहुतेक पाकिटांवर पहिली नावे मैदा, साखर आणि पामतेल हीच निघतील. म्हणजे आपण पोराला दुधाचे नाव ऐकून मैदा आणि साखर चारतो. त्याच पैशात काय येते? मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. फुटाणे. आणि केळी! रावेर, यावल, चोपड्याची केळी दिल्लीला जाते, आखाती देशांत जाते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि तिच्या बागेत मजुरी करणाऱ्याचे पोर चिप्स खाते. हे उलटे झाले आहे, ते सुलटे करणे आपल्या हातात आहे.

आता चहा-साखरेचा हिशेब करू. दिवसाला पाच कप चहा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम धरली तर ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे बिस्किट, जिलेबी, थंड पेय मोजलेच नाही, तरी मर्यादा संपली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. काही जण गूळ चालतो म्हणून चमचे मोजत नाहीत. मधुमेह असलेल्याला गूळही साखरच. आणि ज्वारीची आहे म्हणून चार-चार भाकरी खाल्ल्या तरी साखर वाढणारच. आम्हालाही काही वर्षांपूर्वी शुगर निघाली. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली ती दिलीच, पण आधी चहाचे कप विचारले. आम्हाला उत्तर देताना लाज वाटली.

तेल-मिठाचेही तसेच. आपल्या शेवभाजीची तर्री, भरताच्या वांग्यावर तरंगणारे तेल, याची ख्याती मुंबई-पुण्यापर्यंत आहे. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करावे, कळण्याची भाकरी असावी, यासारखे सुख नाही. आम्हीही खातो. पण वांगे गुणाचे असले तरी त्याला तेलात बुडवले की गुण कसला राहतो? साधा हिशेब ठेवा. महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल. पाच माणसांचे घर तर अडीच लिटर. डबा पंधरा दिवसांत संपत असेल तर समजून घ्या. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळे धरून. पापड, लोणचे, फरसाण, शेव यांत मीठ लपलेले असते, ते जिभेला कळत नाही, पण रक्तदाबाला कळते. बिबडे खाताना तळण्याऐवजी भाजून बघा. आणि दारूबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे? पाचवे शील आपण दर रविवारी घेतो. घेतो आणि विसरतो, एवढेच.

बांधवांनो, बाबासाहेबांनाही मधुमेहाने गाठले होते. शेवटच्या वर्षांत पाय दुखत, नजर मंद झालेली. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या त्यांचे पथ्यपाणी सांभाळत. अशा दुखण्यातही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून काढला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली आणि दोन महिने पूर्ण होण्याआधीच, ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. त्यांनी देह झिजवला तो समाजासाठी, रात्र-रात्र जागून. आपण आपला देह कशासाठी झिजवतो? फरसाणासाठी? आज पन्नाशीतला कार्यकर्ता हृदयविकाराने जातो आणि आपण शोकसभा घेतो. पोकळी भरून निघणार नाही असे म्हणतो. ती पोकळी पडूच नये म्हणून आधी काही करता येईल की नाही?

भगवान बुद्धांनी यावर एक शब्द दिला आहे, मत्तञ्ञुता. म्हणजे जेवणात मात्रा ओळखणे. कोसलचा राजा पसेनदी फार जेवत असे. जेवून आला की धापा टाकी, बसता येत नसे. भगवंतांनी त्याला रागावून उपास करायला सांगितले नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुःख हलके होते, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाजवळ सुदस्सन नावाचा तरुण होता. त्याने ती पाठ केली आणि रोज राजाच्या जेवणाच्या वेळी तो म्हणू लागला. राजा हळूहळू कमी जेवू लागला, अंगाने हलका झाला. लक्षात घ्या, राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या घरात तो सुदस्सन कोण होणार? शाळेत जाणारी पोर होऊ शकते. "आबा, तिसरा कप झाला," असे तिने म्हटले तर आबांनी रागवायचे नाही, कप खाली ठेवायचा.

आणि मात्रा दोन्ही बाजूंनी असते, हे विसरू नका. स्वतः तथागतांनी सहा वर्षे देह सुकवला आणि त्यातून काही साधत नाही हे पाहून सुजातेची खीर स्वीकारली. खूप खाणे जसे चूक, तसे घरातल्या बाईने उपाशी राहणेही चूक.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळे आपल्या निवडीवर नसते. ज्याची मजुरी आज मिळाली, उद्या नाही, त्याला पोषणाचे भाषण देणे सोपे आहे. रेशनवर बहुतेक वेळा गहू आणि तांदूळ मिळतो, जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे. ज्वारी मात्र दुकानातून विकत घ्यावी लागते. शेतात कपाशी, मका, केळी वाढली, ज्वारी मागे पडली. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की रेशनचा गहू सोडा. तो न चाळता दळा, त्यात शेर-दोन शेर ज्वारी आणि मूठभर हरभरे मिसळा. दोन वेळांपैकी एक वेळ भाकरी करा. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे मिळणारे माणशी पाच किलो धान्य पुरते मिळते की नाही, याची पावती बघा. अंगणवाडीत पोराचे वजन होते की नाही, विचारा. हक्काचे धान्य मागणे ही पाळीची भाकरी मागणे नव्हे. ते संविधानाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचे मागणे आहे, तिथे मान खाली घालू नका.

शेवटी, या विहाराकडून काही अपेक्षा करतो. महिला मंडळाने आणि समितीने मनावर घ्यावे.

एक, विहारात महिन्यातून एका पौर्णिमेला वजन, रक्तदाब, साखर आणि रक्ताचे प्रमाण तपासण्याची सोय करावी. आपल्या समाजातल्या शिकलेल्या परिचारिका, डॉक्टर, औषधवाले यांनी तेवढा एक तास दान द्यावा.

दोन, १४ एप्रिलला सरबताच्या जोडीला ताक ठेवावे, आणि भोजनदानात वर्षातून एकदा तरी कळण्याची भाकरी, डाळ आणि पालेभाजी असावी. पाहुण्यांसमोर ठेवावी, मागच्या खोलीत नाही.

तीन, बचत गटाच्या भगिनींनी कळण्याचे पीठ दळून वस्तीत विकावे. ज्या सुनांना भाकरी थापता येत नाही, त्यांना सासूने शिकवावे. मुलांनाही शिकवावे, भाकरी काही बाईच्याच हाताची नाही.

चार, ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दरवर्षी जातो. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते, त्या आठवणीसाठी जातो. पुढच्या वेळी शिदोरीत पाकिटे नेऊ नका. भाकरी, ठेचा, शेंगदाणे, केळी न्या. तिथे बसून सगळ्यांनी एकत्र खा, आणि आधी आपल्या आजीच्या हातात द्या.

महाडला आपल्या लोकांनी हातातली मागितलेली भाकरी टाकली, म्हणून आज आपण कमावलेली भाकरी खातो. ती लपवण्याची गोष्ट नाही. ती ताटात ठेवा, तिच्याशेजारी पुरती डाळ ठेवा, आणि ते ताट घरातल्या प्रत्येकापुढे सारखे ठेवा. एवढे केले तरी विहाराचा हा वर्धापनदिन सार्थकी लागला असे आम्ही समजू.

 सर्वांचे मंगल होवो, सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो.

जय भीम! नमो बुद्धाय!